ढालकिडा मोठा की कापशी

भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा लागला की यवतमाळात कावळ्यांचा भाव वधारतो. वर्षभर ज्याला हुश हुश करून हाकलायचं, त्याच्यासाठी माणसं गच्चीवर वडे आणि खीर घेऊन उभी राहतात. आमच्या समोरचे निवृत्त हेडमास्तर तर इतक्या आर्जवाने ‘का का’ करतात, की आयुष्यात त्यांनी कुणा विद्यार्थ्याला तशी हाक मारली असेल का, असा प्रश्न पडतो. ऑफिसात या दिवसांत उशिरा येण्याला कारण लागत नाही. ‘घरी पान होतं’ म्हटलं की साहेबही मान हलवतात. कावळाही काही कमी नाही. या घरचा वडा चाखून त्या घरी जातो आणि तिथे कठड्यावर मान वाकडी करून बसून राहतो.

याच दिवसांत तिकडे घाटंजीच्या वाटेवर कपाशीला फुलं आलेली असतात. पहिल्या दिवशी पांढरट पिवळं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. एसटीच्या खिडकीतून पाहिलं की एकाच झाडावर दोन्ही दिसतात. लोकांना त्या हिरव्या पसाऱ्याकडे पाहून बरं वाटतं. मला काही वाटत नाही. वाईटही वाटत नाही, हे सांगून टाकते, कारण लोक लगेच सांत्वन करायला लागतात. कानात कापसाचा बोळा घातल्यावर बाहेरचं सगळं चालू असतं पण लांबून ऐकू येतं, तसं माझं या पंधरवड्यात होतं. दादा गेला त्या भाद्रपदापासून.

दादा माझ्याहून मोठा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता आणि सातबाऱ्यावर शेतकरी. शेतात तो जायचा, पण वावर करायची वहिनी. तिला मूलबाळ नाही. पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं तिच्या हातचं. दादा शाळेतून आला की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसायचा आणि आभाळाकडे पाहायचा. त्याला शिकारी पक्ष्यांचं वेड होतं. त्यातही कापशीचं. कापशी म्हणजे घारीच्या जातीतलाच पण लहानसा, राखी पांढरा पक्षी. खांद्यावर काळा डाग आणि डोळे लालभडक. वावराच्या वर एकाच जागी पंख फडफडवत उभी राहते. पुढे नाही, मागे नाही. मग पाय खाली सोडून अलगद उतरते आणि उठते तेव्हा पायात उंदीर असतो. दादा ते पाहताना श्वास धरून बसायचा. शाळेत गणित शिकवताना एवढं लक्ष दिलं असतं तर पोरं कुठच्या कुठे गेली असती, असं मी त्याला म्हणायचे.

वहिनीचं लक्ष खाली. ती गावात भरलेल्या शेतीशाळेला गेली आणि ढालकिडा घेऊन घरी आली. म्हणजे अक्षरशः घेऊन आली, काडेपेटीत घालून. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा, मसुराच्या डाळीएवढा. हा मावा खातो, म्हणून याला मारायचं नाही, असं तिला तिथे सांगितलं होतं. तेव्हापासून ती कपाशीच्या पऱ्हाटीचं पान उलटून पाहायला लागली आणि फवाऱ्याचा पंप काढायच्या आधी चार जागी थांबायला लागली. एकदा मी तिच्याबरोबर वावरात गेले होते. एका पानावर काळपट, काटेरी, नारिंगी ठिपक्यांचं किडूक सरपटत होतं. दिसायला असं ओंगळ की मी बोटाने उडवून चपलेखाली घेणार होते.

वहिनी केवढ्याने ओरडली. “ओ ताई, मारू नका! त्याचंच लेकरू हाय ते.”

“कुणाचं?”

“ढालकिड्याचं. आमी बी पहिले मारत होतो. अख्खं गाव मारते. देखना नाही ना, म्हून मारते.”

मग ती माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, “मान्साचं बी तसंच हाय म्हना.”

नवराबायकोचं भांडण मात्र ऐकण्यासारखं असायचं. दादा म्हणायचा, शिकार म्हणजे काय ते कापशीने दाखवावं. वहिनी म्हणायची, “तुमची कापशी एक उंदीर धरते आन् दिसभर तारेवर बसून मिरवते. माह्या ढालकिड्यानं पऱ्हाटीची अख्खी वळ साफ केली, त्याले कोनी पाह्यलं?” दादा म्हणायचा, “अवं, त्याले आभाय तं दिसते का?” वहिनी म्हणायची, “कापशीले पानाच्या खालचं दिसते का?” यावर दादा चहा मागायचा.

मी अनेकदा या दोघांची, म्हणजे त्या किड्याची आणि पक्ष्याची, मनाशी तुलना केली आहे. दोघेही मारून खाणारे. कापशीची शिकार आपल्याला दिसते म्हणून ती रुबाबदार वाटते. ढालकिडा पानाच्या मागे तेच करतो, तर तो आपल्याला गोंडस वाटतो. माव्याला विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं, कोण जाणे. कापशी तिच्याकडे पाहिलं की उडून जाते. ढालकिड्याला बोट लावलं की तो पाय पोटाशी घेतो आणि मेल्यासारखा पडतो. गुडघ्यांतून पिवळा कडू रस सोडतो. बोटाला तो वास बराच वेळ राहतो. आपण त्याला मेला समजून सोडून देतो आणि थोड्या वेळाने पाहावं तर जागेवर नसतो. दोघांपैकी कोण शहाणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण कोणाला जास्त भीती वाटत असेल, ते मात्र सांगता येईल.

दादा गेला तो शाळेत जायला निघताना. शर्टाची बटणं लावता लावता खाटेवर बसला आणि तसाच कलंडला. वहिनी तेव्हा गोठ्यात होती. मला यवतमाळला फोन आला तेव्हा मी ऑफिसात पेन्शनच्या फायलीवर शेरा लिहीत होते. मी शेरा पूर्ण केला, खाली सही केली, मग उठले. हे मला नंतर सहकाऱ्यांनी सांगितलं. मला आठवत नाही.

मी रडले नाही. घाटंजीला माहेरी पोचले तेव्हाही नाही, नंतरही नाही. बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. एकीने बाजूला जाऊन म्हटलेलं मला ऐकू आलं, “बहिनीले धक्का बसला बाप्पा.” धक्का बसला असता तर बरं झालं असतं. धक्क्याने काहीतरी हलतं तरी. मी चहा पीत होते, आलेल्यांना सतरंजी घालून देत होते, नऊवारी नेसलेल्या म्हाताऱ्यांना हात धरून बसवत होते. दादाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला की त्याच्या शर्टाची उघडी राहिलेली बटणं आठवत.

दहाव्याच्या आदल्या दिवशी काकांनी ओसरीवर माणसं बसवली. काका म्हणजे आमच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यापासून घरात त्यांचा शब्द चालतो. सातबारा अजून सामाईक होता, त्यामुळे तर चालायचाच. माणूस वाईट नाही. माझ्या लग्नात मांडव घालण्यापासून पंगती उठवण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. ते म्हणाले, “यंदाची पऱ्हाटी निघेलोक सूनबाई राहीन. मंग तिले वनीले तिच्या भावाकडं पोचवून देऊ. वावर आपला संजू पाहीन. एकट्या बाईच्यानं वावर होत नाही, अन् लोक बी बोलतात.” संजू त्यांचा मुलगा. तोच दादाच्या विधीला बसला होता. सगळ्यांनी माना हलवल्या. कोणाला त्यात काही गैर दिसलं नाही.

वहिनी दाराआड होती. मी आत गेले तर भिंतीला टेकून बसलेली. तिच्या भावाचं घर वणीला, खाणीच्या रस्त्याला लागून. तो कोळशाचा ट्रक चालवतो. चांगला आहे बिचारा, पण दोन खोल्यांत त्याचीच माणसं मावत नाहीत. आणि तिथे पऱ्हाटीचं एक झाड नाही. वहिनी मला म्हणाली, “ताई, मले वनीले काहून पाठवून राह्यले? मी काय केलं?”

मी म्हटलं, “तू काही केलं नाहीस.”

“मंग? मी तिथं दिसभर काय करू?”

दादाने मागच्याच दिवाळीत धुऱ्यावर बसून मला सांगितलं होतं, की माझं काही झालं तर वावर हिच्या हातातून जाऊ देऊ नको, ही वावराबाहेर जगायची नाही. मी त्याला म्हटलं होतं, सणासुदीला काहीतरी अभद्र बोलू नको. आम्ही दोघंच होतो तेव्हा. साक्षीला कोणी नाही. आता मी ते ओसरीवर जाऊन सांगितलं असतं तर लग्न होऊन गेलेली बहीण भावाची राख थंड व्हायच्या आत वावराचं बोलते, हिस्सा मागायला आली, असंच सगळ्यांना वाटलं असतं. काकांनी मला मायेने गप्प केलं असतं आणि विषय कायमचा संपला असता.

दहाव्याला आमच्याकडे बायकाही नदीवर जातात. वाघाडीला पाणी बऱ्यापैकी होतं. काठावर बाभळी, एक मोठा पिंपळ, आणि पिंपळावर कावळ्यांचं गाव वसलेलं. पळसाच्या पत्रावळीवर भाताचे पिंड मांडले, दही घातलं, झेंडू आणि दूर्वा वाहिल्या. विधी सांगणाऱ्या महाराजांनी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. आम्ही मागे सरलो आणि वाट पाहू लागलो.

आणि कावळे उठले ते भलतीकडेच गेले.

पलीकडच्या बाभळीच्या शेंड्यावर एक कापशी येऊन बसली होती. पिंपळावरचे सगळे कावळे ओरडत तिच्यावर तुटून पडले. ती उडाली, नदी ओलांडून गेली, आणि कावळ्यांनी पाठ सोडली तशी पुन्हा त्याच शेंड्यावर येऊन बसली. की पुन्हा कावळे. खाली पिंड पडून राहिले. त्यात खूण वगैरे काही नव्हती. त्या भागात कापशा असतातच, आणि शिकारी पक्षी दिसला की कावळे पोटापाण्याचं सोडून त्याला हाकलतात, हे दादानेच मला सांगितलं होतं. तरी एवढं मनात आलंच, की जन्मभर ज्या पाखराचं कौतुक केलं तेच आज याच्या घासाच्या आड आलं.

बाकी कोणी वर पाहत नव्हतं. सगळ्यांचे डोळे पिंडांवर. काका दादाला बापू म्हणत. ते पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, “बापू, तुह्या बायकोले आमी उघड्यावर टाकनार नाही. तिचं पोट भरीन.” सगळे थांबले. कावळा नाही. मग कोणीतरी सुचवलं, शाळेचं काही राहिलं असेल. काकांनी सांगितलं, “शायेत तुह्या नावानं पोराईले खाऊ वाटू.” कावळा नाही. मग आईची पोथी, मग घराची कौलं, मग संजू म्हणाला, “दादा, तुही गाडी मी ईकनार नाही.” एकेक वचन नदीकाठच्या हवेत जात होतं आणि काकांचा आवाज बारीक होत चालला होता. भाऊ गेला तेव्हा न हललेला तो म्हातारा आता खरोखर घाबरला होता. पुतण्या अडकला आहे आणि आपल्याला त्याचं मन कळत नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

वहिनीने मान खाली घातली होती. मला वाटलं रडते आहे. मग दिसलं, ती पिंडाकडे पाहते आहे. झेंडूतून की दूर्वांतून, कुठून कोण जाणे, एक ढालकिडा निघून भातावर चढला होता. पांढऱ्या भातावर लाल ठिपका. वर कापशी, खाली ढालकिडा, म्हणजे त्यांच्या भांडणातले दोन्ही पक्ष हजर, फक्त भांडणारा नव्हता. मला त्या क्षणी हसू यायला हवं होतं किंवा रडू. दोन्हीपैकी काही आलं नाही. डोकं मात्र लख्ख चालत होतं.

आमच्या गावात एक गोष्ट पक्की आहे. पिंडाशी उभं राहून दिलेला शब्द आणि त्यावर शिवलेला कावळा, याच्या वर कागद नाही, कोर्ट नाही. तो शब्द फिरवायची हिंमत कोणी करत नाही. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच पक्की. शब्द बोलला आणि कावळा आला नाही, तर मेलेल्या माणसाच्या मनात ते नव्हतं, असा अर्थ. मग पुन्हा तोंड उघडायची सोय नाही. मी वावराचं आत्ता बोलले आणि कावळे बाभळीवरच राहिले, तर वहिनी वणीला गेली म्हणून समजा. आणि बोललेच नाही, तर महाराज दर्भाचा कावळा करून पिंडाला लावणार आणि सगळे घरी जाणार. तरी वहिनी वणीलाच.

म्हणून मी वर पाहत उभी राहिले. एका आत्याने माझा दंड धरला आणि म्हणाली, “पोरी, तू बी काही बोल. तुह्यावर लय जीव होता त्याचा.” मी बाभळीवरून नजर काढली नाही. “हिले तं भानच नाही,” ती शेजारणीला म्हणाली. महाराजांनी दर्भ हातात घेतला. काका म्हणाले, “थांबा महाराज, थोडकं थांबा.” त्यांनी थांबवलं नसतं तर काय झालं असतं, याचा मी विचार करत नाही.

कापशी पुन्हा उडाली. या वेळी नदीच्या वरून न जाता सरळ बाभळीमागच्या वावरांकडे गेली आणि सोयाबीनवर एका जागी फडफडत उभी राहिली. तिला खाली काहीतरी दिसलं होतं. मग ती उतरली आणि झाडांमागे दिसेनाशी झाली. कावळे घिरट्या घालून पिंपळावर परतले. दादा म्हणायचा, कापशीला हाकलून आले की कावळ्यांचं आधी आपसांत भांडण, मग जेवण. त्यांचं भांडण सुरू झालं. एकमेकांच्या अंगावर जाऊन झालं. एक थोराड कावळा खालच्या फांदीवर उतरला. मान वाकडी करून त्याने पत्रावळीकडे पाहिलं.

तेव्हा मी पुढे झाले आणि मोठ्याने म्हटलं, “दादा, वावर वहिनीच करीन. ती हाय तोवर तिच्या हातून कोनी घेनार नाही.”

काकांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं होतं, पण त्यांना बोलायला वेळच मिळाला नाही. कावळा खाली आला, दोन उड्या मारल्या आणि पिंडाला चोच लावली. ढालकिडा पाठीची ढाल उघडून उडून गेला. मागोमाग सगळे कावळे उतरले. बायकांमधून हुंदका फुटला. काका मटकन वाळूत बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. “असं होतं व्हय बापू तुह्या मनात? मंग मले पहिले काहून नाही सांगतलं?” ते उठले ते सरळ वहिनीपाशी गेले आणि तिच्यासमोर हात जोडले. संजूने मान खाली घातली. बोलणार काय? अख्ख्या गावाने पाहिलं होतं.

मला त्याचा पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. दादाचंच म्हणणं मी सांगितलं, फक्त कावळे रिकामे व्हायची वाट पाहिली. वावर वहिनीचं राहिलं. काकांनी पुढे स्वतः तलाठ्याकडे खेटे घालून तिचं नाव चढवलं. आता ते पारावर बसून कोणालाही ती गोष्ट सांगतात, आणि सांगताना त्यांच्या अंगावर काटा येतो. त्या दिवशी नदीवरून सगळे हलके होऊन परतले. दादा सुटला, असं प्रत्येकाला आतून वाटलं. प्रत्येकाला, मी सोडून. मला कावळा का आला ते माहीत होतं.

काही राहिलं होतं का रे तुझं, एवढं विचारायला माणसाला एकच कावळा मिळतो. माझ्या वाट्याचा मी वावरासाठी वापरला. मला त्याला दुसरंच विचारायचं होतं. शर्टाची बटणं लावताना दुखलं का, कोणाला हाक मारली का, माझी आठवण झाली का. ते राहून गेलं ते गेलंच. बधिरपणा म्हणतात तो हाच असावा. दुःख आहे हे कळतं, कुठे ठेवलं आहे तेही कळतं, पण हात पोचत नाही.

परवा सुट्टी काढून घाटंजीला गेले. दादाचं पान होतं. वहिनीने वडे केले, मी खीर ढवळली. कौलांवर पान ठेवल्यावर कावळे लगेच आले. जेवणं झाल्यावर आम्ही वावरात गेलो. वहिनी आता पिकली आहे, पण पऱ्हाटीच्या ओळीत शिरली की तिचं वय कळत नाही. पानं उलटत उलटत ती पुढे चालली होती, मी मागे. एका फुललेल्या झाडापाशी ती थांबली. पाठमोरीच होती.

“ताई, एक ईचारू का? रागावू नका.”

“विचार ना.”

“त्या दिशी नदीवर... कावळा आला, ते त्यायनंच आयकलं ना तुमचं? मी हे वावर करावं, हे त्यायच्याच मनात होतं ना? का उगा आला असन तो, भुकेला होता म्हून?”

आता ती वळली होती. इतकी वर्षं तिने हे कोणालाच विचारलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि हातातलं पान सोडायचं तिला भान नव्हतं.

“नाही वं वहिनी,” मी म्हटलं, “दादाच आला होता. मी पाहिलं ना.”